सेन्सर तेवढाच, पिक्सेल दीडपट

२०२२ साली फुजीफिल्मने सहा महिन्यांच्या आत दोन जुळे कॅमेरे बाजारात आणले. मे महिन्यात एक्स-एच२एस जाहीर झाला, २६ मेगापिक्सेलचा. सप्टेंबरमध्ये एक्स-एच२ आला, ४० मेगापिक्सेलचा. बॉडी जवळजवळ तीच, बॅटरी तीच, लेन्सचा माउंट तोच. सेन्सरचा आकारही तोच, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे एपीएस-सी, ज्याला सगळे क्रॉप सेन्सर म्हणतात. किमती मात्र दुकानातल्या नेहमीच्या हिशोबाच्या उलट होत्या. अमेरिकेत २६ मेगापिक्सेलवाल्याची किंमत २,४९९ डॉलर ठेवली गेली आणि ४० मेगापिक्सेलवाल्याची १,९९९ डॉलर. कमी पिक्सेलचा कॅमेरा ५०० डॉलरनी महाग! ज्याला 'जास्त मेगापिक्सेल म्हणजे भारी कॅमेरा' एवढेच ठाऊक आहे, त्याला ही छपाईतली चूक वाटेल. ती चूक नव्हती. ते ५०० डॉलर सेन्सर किती वेगाने वाचता येतो याचे होते. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा घेताना लक्ष ठेवायचे ते नेमके इथेच. एका आकाराच्या सेन्सरवर पडणारा प्रकाश ठरलेला असतो. त्याचे २६ तुकडे केले काय किंवा ४० केले काय, तो वाढत नाही. फोटोत सगळे तुकडे फाइलपर्यंत पोहोचतात, म्हणून जास्त तुकड्यांचा थोडाफार फायदाच होतो. व्हिडिओत ते पोहोचतातच असे नाही, आणि तिथे हाच आकडा अंगावर येऊ शकतो.

आधी फोटोचे पाहू. २६ वरून ४० म्हणजे दीडपट, असे ऐकायला फार वाटते. पण ही वाढ क्षेत्रफळाची आहे. फ्रेमच्या रुंदीत मोजले तर एक्स-एच२एसचे ६,२४० पिक्सेल आणि एक्स-एच२चे ७,७२८, म्हणजे फरक २४ टक्के. डोळ्याला जो बारकावा दिसतो तो या दुसऱ्या आकड्याने वाढतो. ३०० डीपीआयने प्रिंट काढली तर २६ मेगापिक्सेलची फाइल साधारण २१ बाय १४ इंचांपर्यंत जाते, ४० ची २६ बाय १७ पर्यंत. आपल्याकडे लग्नाच्या अल्बमचे रूढ माप १२ बाय ३६ इंच. त्यात एका बाजूला एकच फोटो अख्खा भरला तरी १२ बाय १८ इंचच होतात आणि त्याला ५,४०० बाय ३,६०० पिक्सेल, म्हणजे १९ मेगापिक्सेलच्या थोडे वर, एवढे पुरतात. संपूर्ण पसऱ्यावर एकच फोटो ताणायचा असेल तर ४० सुद्धा ३०० डीपीआयला कमी पडतात, पण अल्बम हातभर अंतरावरून पाहिला जात असल्याने कुणाची तक्रार येत नाही. फ्लेक्सवाल्याला तर याहून कितीतरी कमी चालते. इन्स्टाग्रामवर फोटो १,०८० पिक्सेल रुंदीवर येऊन बसतो. ४के टीव्हीचा पडदा ८.३ मेगापिक्सेलचा असतो. (मोबाइलच्या खोक्यावर २०० मेगापिक्सेल छापलेले असते आणि नेहमीच्या सेटिंगवर फोटो १२ चा निघतो, याचेही कुणाला फारसे वाईट वाटत नाही.) त्यामुळे पूर्ण फ्रेम वापरणाऱ्या आणि साध्या मापाच्या प्रिंट काढणाऱ्या माणसाला २४ किंवा २६ मेगापिक्सेल पुरून उरतात.

जो फ्रेम कापतो, त्याचा हिशोब वेगळा. ४०० मिलिमीटरची लेन्स आहे आणि २० मीटरवर १६ सेंटिमीटरचा छोटा खंड्या बसला आहे असे धरा. सेन्सरवर त्याची प्रतिमा ३.२ मिलिमीटरची पडेल. कॅमेरा कुठलाही घ्या, क्रॉप असो वा फुल फ्रेम, ही प्रतिमा तेवढीच राहते, कारण ती लेन्स आणि अंतर ठरवतात. २६ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर या ३.२ मिलिमीटरमध्ये सुमारे ८५० पिक्सेल बसतात, ४० च्या सेन्सरवर सुमारे १,०५०. पिसांचा पोत दिसणे आणि पिसांचा नुसता रंग दिसणे यांत कधी कधी एवढेच अंतर असते. ४५ मेगापिक्सेलचा महागडा फुल फ्रेम कॅमेरा क्रॉप मोडवर टाकला तर हाती १९-२० मेगापिक्सेलच उरतात. ४० च्या क्रॉप सेन्सरची घनता फुल फ्रेमवर मिळवायची तर ९० मेगापिक्सेलच्या पुढचा सेन्सर लागेल. पक्षी, फुलपाखरे, चतुर टिपणाऱ्यांनी आणि ज्यांना ६०० मिलिमीटरची लेन्स परवडत नाही त्यांनी हा आकडा गांभीर्याने घ्यावा. मात्र भिगवणला दुपारी बाराच्या उन्हात, उजनीच्या पाण्यावरची हवा थरथरत असताना, दीडशे मीटरवरच्या रोहित पक्ष्यासाठी ४० मेगापिक्सेल लावले तर ती थरथरच अधिक बारकाईने टिपली जाते. तिथे सकाळी लवकर पोहोचणे आणि जवळ जाणे याला कॅमेऱ्यात पर्याय नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: 'एवढ्या पिक्सेलला लेन्स पुरतच नाही, मग उपयोग काय?' आक्षेपाला आधार आहे. ४० मेगापिक्सेलचे कॅमेरे आणताना फुजीफिल्मनेच या सेन्सरचा पूर्ण लाभ देणाऱ्या लेन्सची यादी दिली होती. वर्षानुवर्षे किटमध्ये मिळणारी आणि बहुतेकांच्या बॅगेत असणारी १८-५५ एफ/२.८-४ त्या यादीत नव्हती. पण यातून लोक काढतात तो निष्कर्ष, म्हणजे जुनी लेन्स नव्या सेन्सरवर वाईट फोटो देते, तो चुकीचा आहे. फोटोतली शेवटची स्पष्टता लेन्स आणि सेन्सर दोघे मिळून ठरवतात. एकाची बाजू सुधारली तर एकूण थोडे सुधारते, बिघडत काहीच नाही. तीच १८-५५ दोन्ही कॅमेऱ्यांवर लावून एकाच मापाची प्रिंट काढली तर ४० वाली प्रिंट २६ वालीपेक्षा निकृष्ट येणार नाही, मध्यभागी थोडी सरसच येईल. गडबड होते ती स्क्रीनवर शंभर टक्के मोठे करून पाहताना. त्या वेळी ४० मेगापिक्सेलचा फोटो आपण अधिक जवळून पाहत असतो, म्हणून कडेचा मऊपणा आधी कळतो. तेव्हा लेन्स आहे ती वापरा. मात्र बजेटमध्ये बॉडी आणि लेन्स यांपैकी एकच गोष्ट बसत असेल तर चांगली लेन्स आणि २६ मेगापिक्सेल हा सौदा साधी लेन्स आणि ४० मेगापिक्सेलपेक्षा बहुतेक वेळा सरस ठरतो.

जास्त पिक्सेलवाल्याने सवयी मात्र बदलायला हव्यात. पिक्सेल लहान झाला की तेवढाच हात हलला तरी तो अधिक पिक्सेलवर पसरतो. फोकल लेंथला दीडने गुणून शटर स्पीड ठरवायचा नियम, म्हणजे ४०० मिलिमीटरला १/६००, हा कमी पिक्सेलच्या जमान्यातला आहे. ४० वर शंभर टक्के कुरकुरीत पिक्सेल हवे असतील तर १/१००० च्या आसपास राहावे. स्टॅबिलायझेशन हाताचा कंप आवरते, उडणाऱ्या पक्ष्याचा पंख आवरत नाही. दुसरी सवय अ‍ॅपर्चरची. प्रकाश लहान छिद्रातून जाताना पसरतो आणि एका बिंदूची एक छोटी चकती होते. एफ/५.६ ला तिचा व्यास साधारण ७.५ मायक्रॉन, एफ/८ ला १०.७ आणि एफ/१६ ला २१ च्या वर. ४० मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरचा एक पिक्सेल ३ मायक्रॉनचा, २६ चा पावणेचार. म्हणजे एफ/१६ वर ती चकती दोन्हीकडे सहा-सात पिक्सेलवर फासली जाते आणि जास्तीच्या १४ मेगापिक्सेलचे पैसे पाण्यात जातात. सह्याद्रीतल्या कड्याचा फोटो काढताना 'सगळे शार्प हवे' म्हणून एफ/१६ लावणाऱ्यांनी एफ/५.६ ते एफ/८ मध्ये राहावे आणि अगदी पायाशी फूल असेल तर दोन-तीन फ्रेम वेगवेगळ्या फोकसवर घेऊन जोडाव्यात. एफ/११ चालते. त्यापुढे कमी पिक्सेलवालाही तेवढेच मिळवतो.

दुसरा आक्षेप नॉइजचा, आणि त्यात गैरसमज जास्त आहे. २६ वरून ४० वर जाताना एका पिक्सेलच्या वाट्याला येणारा प्रकाश सुमारे ३५ टक्क्यांनी घटतो. म्हणून शंभर टक्क्यांवर पाहिले की आयएसओ ६४०० चा फोटो खरोखरच अधिक खरखरीत दिसतो. पण कुणी प्रिंट शंभर टक्क्यांवर पाहत नाही. दोन्ही फोटो एकाच मापात आणले की शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात, खरखर सरासरीत विरते आणि फरक जवळजवळ मिटतो. एका अंगणात पावसाचे पाणी धरायला २६ भांडी ठेवली काय आणि तेवढीच जागा भरतील अशी ४० लहान भांडी ठेवली काय, शेवटी एका हंड्यात ओतल्यावर पाणी तेवढेच भरते. अगदी गडद सावल्या चार-चार स्टॉप उचलल्या तर वाचनातली खरखर थोडी जास्त सापडते, पण ते प्रयोगशाळेतले दुःख आहे. मात्र या उत्तरात एक अट लपलेली आहे. सगळी भांडी हंड्यात ओतली गेली पाहिजेत. ती अट फोटोत आपोआप पाळली जाते.

व्हिडिओत ती मोडते. ४के व्हिडिओच्या एका फ्रेमला ३,८४० बाय २,१६० पिक्सेल लागतात. २६ मेगापिक्सेलच्या सेन्सरचा १६:९ चा पट्टा सुमारे २२ मेगापिक्सेलचा, ४० च्या सेन्सरचा सुमारे ३३.६ चा. सगळे पिक्सेल वाचून मग ते ४के मध्ये आटवले तर उत्तम. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग पाहत असल्याने एका ४के पिक्सेलमागे अडीच-तीन मूळ पिक्सेल असले की रंग आणि बारकावा दोन्ही भरीव येतात. सॅमसंगने २०१४ मध्येच एनएक्स१ या २८ मेगापिक्सेलच्या क्रॉप कॅमेऱ्यात पूर्ण रुंदी वाचून ४के देण्याची वाट दाखवली होती. पण आटवण्याचाही फायदा कुठेतरी थांबतो. ६के मधून उतरवलेले ४के आणि ८के मधून उतरवलेले ४के शेजारी ठेवले तर फरक शोधावा लागतो, कारण शेवटी पेला ४के चाच आहे. मेहनत मात्र दीडपट. सेकंदाला ३० फ्रेम घ्यायच्या तर ४० च्या सेन्सरला सुमारे १०० कोटी पिक्सेल वाचावे लागतात, ६० फ्रेमला २०० कोटी. ते झेपत नाही तेव्हा कॅमेरा दोनपैकी एक पळवाट काढतो. एक तर मधल्या ओळी गाळतो, नाही तर सेन्सरचा मधलाच तुकडा वापरतो.

या पळवाटा माहितीपत्रकात लहान अक्षरांत असतात, म्हणून त्या नावानिशी पाहिलेल्या बऱ्या. फुजीफिल्म एक्स-टी५ मध्ये ४० मेगापिक्सेलचाच सेन्सर आहे. त्याचे साधे ४के पूर्ण रुंदीचे आहे, पण पिक्सेल गाळून बनते. उत्तम दर्जाचे 'एचक्यू' ४के हवे तर १.२३ पट क्रॉप बसतो आणि ६० फ्रेमला १.१४ पट. कॅननच्या ३२.५ मेगापिक्सेलच्या आर७ मध्ये 'फाइन' ४के सुंदर आहे, ७के मधून आटवलेले, पण ते ३० फ्रेमपर्यंतच. ६० फ्रेमला पूर्ण रुंदी घेतली तर ओळी गाळल्या जातात आणि चित्र मऊ पडते, आणि बारकावा राखायचा तर तब्बल १.८ पट क्रॉप घ्यावा लागतो. उलट ज्या सप्टेंबरात ४० मेगापिक्सेलचा एक्स-एच२ आला त्याच महिन्यात सोनीने खास व्हिडिओसाठी एफएक्स३० हा क्रॉप कॅमेरा आणला आणि त्यात सेन्सर ठेवला २६ चा. तो ६के वाचून ६० फ्रेमपर्यंत जवळजवळ पूर्ण रुंदीचे ४के देतो. हे सोनीला जास्त पिक्सेल परवडत नव्हते म्हणून झाले असे मानायला जागा नाही.

क्रॉप झाला म्हणजे कोपरे गेले, एवढेच लोकांना वाटते. १६ मिलिमीटरची लेन्स क्रॉप सेन्सरवर फुल फ्रेमच्या २४ सारखी दिसते. तिच्यावर आणखी १.२३ चा क्रॉप बसला की ती ३० च्या आसपास जाते. छोट्या हॉलमधल्या हळदीच्या गर्दीत पाठीमागे सरकायला भिंत असते तेव्हा हा फरक म्हणजे काकू फ्रेममध्ये असणे आणि नसणे. पण त्याहून महत्त्वाचे हे की १.२३ च्या क्रॉपमध्ये सेन्सरचे एक तृतीयांश क्षेत्र बाद होते आणि तेवढा प्रकाशही. ओळी गाळल्या तरी गाळलेल्या ओळींवर पडलेला प्रकाश वायाच जातो, शिवाय साडीच्या बारीक काठावर किंवा चौकड्याच्या शर्टावर रंगीत लहरी उठतात. म्हणजे 'लहान पिक्सेलमुळे नॉइज वाढतो' हे फोटोत खोटे ठरलेले विधान व्हिडिओत मागच्या दाराने खरे होते. कारण पिक्सेल लहान असल्याचे नाही. ते सगळे वाचता न आल्याचे आहे.

वाचनाचा वेग आणखी एका ठिकाणी दिसतो. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. समजा एक फ्रेम वाचायला १/३० सेकंद लागला आणि तुम्ही सेकंदाला एक फ्रेमभर रुंदी जाईल एवढ्या वेगाने कॅमेरा फिरवला, तर ४के चित्रात खांबाचे वरचे टोक आणि पाया यांत १२८ पिक्सेलचा तिरपेपणा येतो. फलाटावरून सुटणाऱ्या लोकलचे दरवाजे कललेले दिसतात ते याच रोलिंग शटरमुळे. एक्स-एच२एस मध्ये थरांचा, म्हणजे स्टॅक्ड सेन्सर आहे आणि तो आधीच्या एक्स-टी४ पेक्षा चौपट वेगाने वाचला जातो असे कंपनी सांगते. सुरुवातीचे ५०० डॉलर इथे खर्ची पडले आहेत. सावकाश वाचणाऱ्या सेन्सरचा त्रास फोटोतही होतो, सायलेंट शटर वापरल्यावर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. व्हिडिओ २५ किंवा ५० फ्रेमवर आणि शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवला तर हे पट्टे जातात. अनेक कॅमेऱ्यांत मूळ सेटिंग ३० आणि ६० चे असते, ते आधी बदला. स्टेजवरच्या एलईडी भिंतीचे गणित वेगळे, तिथे मेकॅनिकल शटरच बरा.

उरतो तो ८के चा मुद्दा. क्रॉप सेन्सरवर ८के हवे तर रुंदीत किमान ७,६८० पिक्सेल लागतात, आणि एक्स-एच२ चे ७,७२८ हे त्याच बेताने ठरवलेले दिसतात. 'एकदा ८के मध्ये शूट करायचे, मग एडिटिंगला त्यातून दोन-तीन ४के फ्रेम काढायच्या', हा युक्तिवाद पोकळ नाही. एकट्याने मुलाखत चित्रित करणाऱ्याला, ट्रायपॉडवर गायन-वादनाची मैफल टिपणाऱ्याला एका कॅमेऱ्यात लाँग आणि क्लोज-अप दोन्ही मिळतात. पण २०० मेगाबिटच्या दराने तासाला ९० जीबी भरतात, ४०० च्या दराने १८०. रोज असे काम करायचे तर हार्ड डिस्क आणि संगणक यांचा खर्च बॉडीच्या खर्चाशी स्पर्धा करू लागतो. कॅमेरा तापतो तो वेगळाच. फुजीफिल्म या बॉडींच्या पाठीला लावायचा पंखा स्वतंत्र विकते, यावरून काय ते समजावे. फोटोवाल्यांनाही हा बोजा चुकत नाही. न दाबलेली रॉ फाइल २६ मेगापिक्सेलला सुमारे ५२ एमबी, ४० ला ८० च्या पुढे. एका लग्नाच्या ३,००० फ्रेमला दीडशे जीबी आणि दोनशे चाळीस जीबी एवढे अंतर पडते. लॉसलेस कॉम्प्रेशन चालू ठेवा. त्यात चित्राचे काहीच जात नाही आणि जागा बरीच वाचते.

म्हणून निवड करायची ती कामावरून. पक्षी, कीटक, मोठ्या प्रिंट, निसर्गदृश्ये आणि अधूनमधून ट्रायपॉडवरचा व्हिडिओ असेल तर ४० चा क्रॉप सेन्सर पैसे वसूल करून देतो. अर्धे काम फोटोचे आणि अर्धे व्हिडिओचे, त्यातही हातात धरून, हलत्या माणसांचे, कमी उजेडाचे असेल तर २४ ते २६ च्या पुढे जायला कारण नाही. २०२४ मध्ये आलेल्या निकॉन झेड५०-२ ने २०.९ मेगापिक्सेलवरच समाधान मानले आणि घरगुती वापराला तो कुठे उणा पडत नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर हे आवर्जून लक्षात ठेवावे, कारण जुन्या २४ मेगापिक्सेलच्या बॉडी केवळ आकड्यापायी स्वस्तात निघतात.

दुकानात जाताना स्वतःचे कार्ड न्या. माहितीपत्रकात मेगापिक्सेलची ओळ सोडून व्हिडिओचा तक्ता उघडा आणि तुम्हाला लागणाऱ्या फ्रेमरेटपुढे क्रॉप किती लिहिला आहे ते पाहा. मग २५ आणि ५० फ्रेमवर प्रत्येकी अर्धा मिनिट तेच दृश्य घ्या: समोरच्या शेल्फवरची बारीक अक्षरे, दाराची उभी चौकट आणि सावलीतला एखादा कोपरा. ५० वर जाताना चौकट कडेला सरकली तर क्रॉप आहे. अक्षरे दातेरी झाली तर ओळी गाळल्या जात आहेत. कॅमेरा डावीउजवीकडे झपकन फिरवून चौकट किती झुकते तेही पाहा. शेवटी आयएसओ ६४०० वर सायलेंट शटरने ट्यूबलाइटखाली चार फोटो काढा, आणि हे सगळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर न तपासता घरच्या संगणकावर, ज्यावर तुम्ही रोज एडिट करता त्याच्यावर, चालवून पाहा.